मार्जिनमधला 'डा.'

पहिला महिना

सर गेले त्याला परवा महिना झाला. दर महिन्याच्या कामाची नोंद लिहायची पद्धत त्यांचीच. ते एका पानात उरकायचे, माझं तेवढ्यात भागेल असं दिसत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आम्ही नऊ जण, म्हणजे आता आठ, रोज सौरडाग मोजतो. कुणी दुर्बिणीच्या तोंडाला सोलर फिल्टर लावून, कुणी कागदावर 15 सेंटिमीटरची प्रतिमा पाडून. (फिल्टर पुढे, भिंगावर. आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, लावायचे जुने फिल्टर घरात असतील तर आजच टाकून द्या. ते तापून तडकतात.) डागांचे गट मोजायचे, त्यांना दहाने गुणायचं, त्यात सुट्या डागांची संख्या मिळवायची. एकच गट आणि त्यात एकच डाग असेल तरी आकडा 11. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फने 19व्या शतकाच्या मध्यावर बसवलेली ही रीत आजही चालते.

दोन माणसांचे आकडे कधीच जुळत नाहीत. दुर्बीण वेगळी, हवा वेगळी, नजर वेगळी, कुठला ठिपका 'डाग' म्हणायचा याची प्रत्येकाची समज वेगळी. म्हणून प्रत्येकाला एक गुणक असतो. एकाला प्रमाण मानायचं, त्याचा गुणक 1. बाकीच्यांनी आपला आकडा आपापल्या गुणकाने गुणून त्याच्या पातळीवर आणायचा. आमच्यात गुणक 1 असलेला माणूस म्हणजे सर.

पहिल्या कॉलवर कुणीतरी विचारलं, "आता प्रमुख कोण?" सगळ्यांचे माइक एकदम बंद. शेवटी कामं वाटून घेतली. आकडे एकाकडे, मासिक अहवाल एकाकडे, नव्या लोकांना शिकवणं एकाकडे. पंधरा मिनिटांत झालं. ज्याची इतकी धास्ती होती तो प्रश्न मुळात अवघड नव्हताच. अवघड प्रश्न कॉल संपल्यावर सुचला: गुणक कुणाच्या तुलनेत काढायचे?

दुसरा महिना

सगळ्यांच्या आकड्यांची शीट सरांच्या खात्यात होती आणि पासवर्ड फक्त त्यांना माहीत. सुदैवाने दोघांकडे महिन्याभरापूर्वीची प्रत निघाली. मधल्या दिवसांचे आकडे प्रत्येकाच्या वहीतून पुन्हा भरले. आता शीट तीन खात्यांत आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला साध्या मजकुराची फाइल सगळ्यांना जाते. सर असतानाच हे व्हायला हवं होतं. पण "सर, तुम्ही नसलात तर?" असं त्यांना तोंडावर कोण विचारणार होतं?

काकूंनी सगळ्या वह्या बाहेर काढून दिल्या. एकूण चौदा. "तुम्हीच ठेवा," म्हणाल्या. आम्ही पानापानाचे फोटो काढले आणि वह्या त्यांच्याच कपाटात परत ठेवल्या. काही म्हटलं तरी अक्षर त्यांच्या माणसाचं आहे. दुर्बीणही तिथेच आहे. ती कुणी मागितली नाही, मागूही नये असं माझं मत.

प्रत्येक पानावर पेन्सिलीने काढलेली सूर्याची चकती, बाजूला तारीख, वेळ, हवेची प्रत, गट, डाग. शेवटच्या दोन वह्यांत मार्जिनमध्ये आणखी एक अक्षर होतं: 'डा.' बऱ्याच पानांवर. आम्ही धरलं की 'डाग', आणि पुढे गेलो.

याच महिन्यात एकाने गट सोडला. घरची जबाबदारी आली, वेळ उरत नाही. वाईट वाटलं, राग आला नाही. सूर्याच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या आपण ज्याच्या नावाने मोजतो त्या इंग्लिश निरीक्षक कॅरिंग्टनचंही असंच झालं होतं. 1853 पासून तो चिकाटीने डागांच्या जागा टिपत होता. 1858 मध्ये वडील वारले आणि त्यांचा बिअरचा कारखाना याच्या गळ्यात पडला. 1861 मध्ये निरीक्षणं थांबली. जर्मनीत श्पोररने स्वतंत्रपणे तेच काम त्याच सुमारास हाती घेतलं होतं, म्हणून मालिका तुटली नाही.

तिसरा महिना

आता मूळ विषय: गुणक कुणाच्या तुलनेत?

आमच्यातल्या एकाचं म्हणणं सोपं होतं. ब्रुसेल्सच्या वेधशाळेतून सौरडागांचा रोजचा आंतरराष्ट्रीय आकडा मिळतो, तोच प्रमाण धरा, विषय संपला. म्हटलं तर बरोबर. पण मग आमची मालिका स्वतंत्र राहत नाही. ज्या तराजूची तपासणी करायची त्याच तराजूवर आपली वजनं पारखून घेतल्यासारखं होईल. यावर दोन कॉल गेले, आवाज थोडे चढलेही.

मग मी वोल्फचं प्रकरण नीट वाचलं आणि जरा शरमलो. वोल्फ 1893 मध्ये वारला. त्याचा सहायक वोल्फर 1877 पासून त्याच्या शेजारीच मोजत होता. वोल्फ बारीक ठिपके सोडून द्यायचा, कारण जुन्या निरीक्षकांशी मेळ राहायला हवा होता. वोल्फर दिसेल तो ठिपका मोजायचा. सोळा-सतरा वर्षांच्या जोडनिरीक्षणांतून वोल्फरचा गुणक निघाला 0.6. म्हातारा गेला तेव्हा त्याच्या नजरेचं माप आधीच कागदावर होतं.

आमच्याकडेही जोडनिरीक्षणं होती. आठही जणांचे वर्षावर्षाचे गुणक सर स्वतः काढून ठेवायचे. ती शीट आलेखावर टाकली.

माझा गुणक सहा वर्षं 0.90 ते 0.94 च्या मध्ये होता. सरांच्या शेवटून दुसऱ्या वर्षी 0.86. शेवटच्या वर्षी 0.78. मला हे तेव्हाच कळलं होतं आणि, खरं सांगतो, मी खूश झालो होतो. गुणक खाली येणं म्हणजे सरांपेक्षा मला जास्त डाग दिसणं. नजर तयार झाली, नवी आयपीस कामी आली, असं मी दोघातिघांना ऐकवलंही होतं.

आलेखावर आठ रेघा होत्या, आणि आठही एकाच वेळी खाली उतरत होत्या.

आठ माणसं, आठ दुर्बिणी. सगळ्यांची नजर एकाच वर्षी तयार होत नसते. सरांचे आकडे ब्रुसेल्सच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले (तुलनेपुरते, प्रमाण म्हणून नव्हे), तिथेही तोच उतार, त्याच महिन्यापासून.

रात्री उशिरा ताईंचा फोन आला. ताई म्हणजे गटात सरांच्या खालोखाल जुन्या. हॅलो वगैरे काही नाही, थेट म्हणाल्या, "अरे, 'डा.' म्हणजे डाग नाही. डावा."

डावा डोळा. पहिला 'डा.' ज्या आठवड्यात येतो, उतार तिथूनच सुरू होतो. उजव्या डोळ्याने साथ सोडली असणार आणि सर डाव्याने मोजू लागले असणार. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढे ढकलत राहिले, मुलांना सांगू नका म्हणाले होते. मुलं म्हणजे आम्ही. आमच्यातला सगळ्यात लहान एक्केचाळीसचा आहे.

सरांनी लपवलं असं मात्र मला म्हणवत नाही. रोज लिहीत होते, एक अक्षर का होईना. वाचलं नाही ते आम्ही.

चौथा महिना

प्रयोग केला. सरांची चाळीस चित्रं निवडली, वीस 'डा.'च्या आधीची, वीस नंतरची. त्यांनी लिहिलेले आकडे झाकले आणि प्रत्येकाने चित्रांवरून स्वतः मोजलं. वाटलं होतं, चित्रं आहेत म्हणजे हरवलेले डाग पुन्हा मोजता येतील.

नाही येत. आधीच्या वीसांत गटांवर मतभेद निघाले, ते कामाचे आहेत. जवळजवळचे दोन समूह सर एकच गट धरायचे, आमच्यातले तिघे दोन धरतात. हे आता लिहून ठेवलंय. पण नंतरच्या वीसांत आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जवळपास तंतोतंत जुळले, आणि खरी पंचाईत तीच. डोळ्याला जे दिसलं नाही ते हाताने काढलंच नाही. ताईंच्या वहीत त्याच दिवसाचा मोठा समूह पाहा: पेनंब्राभोवती, म्हणजे डागाच्या फिकट कडेभोवती, बारीक ठिपक्यांचा सडा. सरांच्या चित्रात तोच समूह, तीच जागा, रेघा नेहमीसारख्या स्वच्छ, आणि भोवती कोरा कागद.

ती दोन पानं शेजारी ठेवून बराच वेळ बसलो होतो. पुढचं गणित त्या दिवशी झालं नाही.

पाचवा महिना

ठरलं ते असं. सरांच्या मूळ आकड्यांना हात लावायचा नाही. 'डा.'च्या आधीचा काळ हाच आमचा पाया, तिथे त्यांचा गुणक 1. नंतरच्या काळासाठी त्यांनाही गुणक लावायचा, इतरांसारखाच. पहिला अंदाज 1.17 च्या आसपास येतोय. सरांच्या नावापुढे 1 सोडून दुसरा आकडा टाइप करताना हात अडखळला, पण टाकला.

पुढे प्रमाण म्हणजे एक माणूस नाही. सरांबरोबर सगळ्यात जास्त वर्षं मोजलेल्या तिघांची सरासरी. एकाची नजर घसरली तर उरलेल्या दोघांशी ताडून ते दिसेल. हे शहाणपण आमचं नव्हे. आंतरराष्ट्रीय आकडा आधी वोल्फच्या झुरिचमध्ये निघायचा. 1980 मध्ये ते काम थांबलं, 1981 पासून ब्रुसेल्सने ते घेतलं, तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोचं एकच निरीक्षण केंद्र प्रमाण मानलं होतं. त्याचीही पातळी वर्षानुवर्षं हळूहळू सरकत होती. 2015 मध्ये सगळी मालिका नव्याने तपासली तेव्हा ते दुरुस्त झालं. त्याच वेळी 1947 च्या सुमाराची एक उडीही काढली. झुरिचमध्ये मोठ्या डागाला एकाऐवजी पाचपर्यंत वजन देत होते, त्याने आकडे फुगले होते. आणि 0.6 गेला, पाया वोल्फरच्या पातळीवर आला. एवढ्या थोर मंडळींचं असं झालं, तर आमच्या दोन वर्षांचं काय घेऊन बसायचं, असं एक जण म्हणाला. मला ते पटलं नाही. त्यांच्या चुका सापडल्या, कारण मागे कागद होते. आमचा कागद म्हणजे एक 'डा.'

सहावा महिना

नवीन दोघं आली आहेत. पहिले सहा महिने त्यांचे आकडे सरासरीत नाहीत, फक्त गुणक बसवण्यापुरते. एकीने विचारलं, दोन डागांमधला उजेडाचा पूल अगदी बारीक असेल तर एक मोजायचा की दोन? मी तोंड उघडलं आणि "सर म्हणायचे" इथेच थांबलो. मग तिला चाळीस चित्रांची फाइल पाठवली. मोजून बघ, मग बोलू.

शीटमध्ये एक रकाना वाढवलाय, हवेच्या प्रतीनंतर. तो रिकामा ठेवला तर ओळ स्वीकारलीच जात नाही. ताईंनी तसं बसवून घेतलंय. एकाने कुरकुर केली की रोज तेच लिहायचं म्हणजे वैताग आहे. त्या म्हणाल्या, लिही.

आज सकाळी 8:20, हवा मध्यम, गट 4, डाग 23, आकडा 63. डोळा: उ.