रिकाम्या हाताने का परतले

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सान पांचो या गावाहून आल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या सुरांत विचारला जात आहे: एवढ्या कलाकारांच्या गावी गेलात, जन्मभर चित्रकला शिकवलीत, मग येताना एखादी तरी वस्तू का आणली नाहीत? नणंदेच्या प्रश्नात मी पैसे वाचवले असावेत अशी शंका असते. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना तिथे घेण्याजोगे काही नसावे असे वाटते. आणि आज स्वतः चित्रे विकून घर चालवणारे माझे काही वारली विद्यार्थी हा प्रश्न किंचित दुखावून विचारतात, कारण कारागिरापुढून रिकाम्या हाताने उठू नये, असे त्यांच्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे सांगणारी मीच होते. आजवर मी सामानाच्या वजनाचे कारण पुढे केले. पण विचारणारे थांबत नाहीत, आणि त्या विद्यार्थ्यांना तरी पुरते उत्तर मिळायला हवे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घेण्याजोगे काही नव्हते, हा समज आधी दूर करते. पुएर्तो वायार्ताच्या विमानतळावरून उत्तरेला निघाले की आमेका नदी ओलांडताच हालिस्को राज्य संपून नायारित सुरू होते आणि पुढे 200 क्रमांकाचा महामार्ग दाट झाडीत शिरतो. वाटेत विक्रीला मांडलेले फणस दिसले तेव्हा मी मुलाला गाडी थांबवायला लावली. आपल्याकडचा फणस आज नायारितमध्ये बागा करून पिकवतात, आणि डहाणू-घोलवडचा जो चिकू मी नोकरीची सारी वर्षे खाल्ला, त्याचे मूळ याच देशातल्या जंगलांत आहे. हे मी वाचलेले होते. पण तिथे उभे राहून गरे खाताना ते पहिल्यांदा खरे वाटले आणि परकेपणा बराच ओसरला.

गावाचे कागदोपत्री नाव सान फ्रान्सिस्को. 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे अध्यक्ष असलेल्या लुईस एचेवेरिया यांचे इथे घर होते, आणि विकसनशील देशांपुढे ठेवण्याजोगे नमुन्याचे गाव म्हणून त्यांनी ते घडवायला घेतले. महामार्गापासून थेट वाळूपर्यंत उतरणाऱ्या मुख्य रस्त्याला म्हणूनच आजही ‘आवेनिदा तेर्सेर मुंदो’, म्हणजे तिसऱ्या जगाचा रस्ता, असे नाव आहे आणि त्याला मिळणारे रस्ते देशांच्या आणि खंडांच्या नावांचे आहेत. अध्यक्षांची मुदत संपली आणि ती योजना मागे पडली. पुढे कॅनडा आणि अमेरिकेतून चित्रकार, कुंभारकाम करणारे आणि निवृत्तीनंतर शांतता शोधणारे लोक येत गेले. तिसऱ्या जगाच्या त्या रस्त्यावर आता घरांच्या किमती डॉलरमध्ये सांगितल्या जातात. समुद्र मात्र पोहण्याचा नाही. किनारा एकदम खोल होतो आणि लाट काठावरच आपटते, त्यामुळे पोहणारे जवळच्या सायुलिताकडे जातात आणि हे गाव गर्दीपासून थोडे वाचते. एका जुन्या गोदामात ‘एन्त्रेआमिगोस’ नावाचे लोककेंद्र आहे, तिथे मुले टाकाऊ वस्तूंपासून नव्या वस्तू घडवतात. कॅनडातल्या सर्क द्यु सोलेय या सर्कशीच्या संस्थापकांपैकी जील सेंत-क्रुआ यांनी 2011 मध्ये गावातल्या मुलांसाठी सर्कसची शाळा सुरू केली आहे. भिंतींवर चित्रे आहेत, दुकानांत मातीची भांडी, विणकाम आणि छापचित्रे आहेत, आणि त्यांपैकी बरेच काम खरोखरच उत्तम आहे. मी ते तासन्‌तास पाहिले.

परंतु मी गेले ती विरारिका या तिथल्या आदिवासी लोकांचे काम पाहण्यासाठी. स्पॅनिशमध्ये त्यांना उइचोल म्हणतात. त्यांची वस्ती किनाऱ्यावर नाही. ती पूर्वेकडच्या डोंगरांत, नायारित, हालिस्को आणि दुरांगो या राज्यांच्या सीमांवर आहे. वाळवलेल्या भोपळ्याच्या किंवा लाकडाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर देऊन त्यात सुईच्या टोकाने एकेक काचमणी दाबून बसवायचा, अशी ही कला आहे. 2010 मध्ये विरारिका कारागिरांनी एक अख्खी फोक्सवॅगन गाडी वीस लाखांहून अधिक मण्यांनी मढवली, ती अनेकांनी पाहिली असेल. मला मात्र तिच्यापेक्षा मूळ गोष्ट पाहायची होती. हरीण, मका आणि पेयोटे हे निवडुंग त्यांच्या श्रद्धेत एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. पूर्वेला विरिकुताचे वाळवंट आणि पश्चिमेला याच किनाऱ्यावर, सान ब्लासपाशी, समुद्रमाता हारामारा. अशा पवित्र जागी ते मणी बसवलेले छोटे वाडगे अर्पण करतात. विरिकुताच्या यात्रामार्गाला 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे डोंगरातले लोक नायारितच्या तंबाखूच्या मळ्यांवर हंगामी मजुरीलाही उतरतात. जव्हार-डहाणूच्या पाड्यांवरून वीटभट्ट्यांकडे निघालेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. गावाच्या बाजारात एक विरारिका बाई जमिनीवर कापड पसरून बसली होती आणि शेजारी तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. माझ्या मुलाला कामापुरते स्पॅनिश येते, आणि तिचीही ती दुसरीच भाषा असल्यामुळे बोलणे सावकाश आणि सोप्या शब्दांत चालले होते. आमच्या आधी एक जोडपे तिच्यापुढे उभे होते. त्यांनी फोनवर आपल्या कुत्र्याचा फोटो दाखवून, हरणाच्या जागी हा बसवलेला वाडगा करून मिळेल का, असे विचारले. तिने तो फोटो बोटांनी मोठा करून कानांचे रंग नीट पाहिले, मुलाशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलली, आणि दिवस व किंमत सांगितली. तिच्या चेहऱ्यावर मला कसलाही सल दिसला नाही. मी तो शोधत होते, हे मात्र नमूद करायला हवे.

ते जोडपे गेल्यावर तिने मांडीवरचे अर्धे राहिलेले काम पुन्हा हातात घेतले. विक्रीला मांडलेल्या वस्तूंपेक्षा ते फार साधे होते. आपल्याकडे तारपा हे वाद्य करतात तसल्या वाळलेल्या दुधीची अर्धी वाटी, आत पिवळसर मेण, मधोमध एक निळे हरीण, त्याच्या पायाशी मक्याचे कणीस, आणि बाकीचे मेण तसेच मोकळे. मांडलेल्या वाडग्यांत एक तीळही रिकामा नव्हता. इथे रिकाम्या जागेनेच चित्राला श्वास दिला होता. मी मुलाला म्हटले, मला तो हवा आहे. तो विकायचा नाही, असे तिने सांगितले. सुनेने, माझ्या प्रेमापोटीच, शेजारच्या मोठ्या वाडग्याच्या दुप्पट रक्कम देऊ केली. ती बाई रागावली नाही. तिने वाडगा एका फडक्यात गुंडाळला, पिशवीत तळाशी ठेवला आणि मग शांतपणे सांगितले की घरी परतण्याआधी ते सगळे सान ब्लासला जाणार आहेत आणि हा तिथे समुद्रात सोडायचा आहे. आणि लगेच, त्याच दमात, ती पुढे म्हणाली, “असाच तुम्हांला करून देते. परवा या.” तेच मणी, तेच मेण, तेच हरीण; जागाही तशीच मोकळी ठेवीन, असे तिने हाताने दाखवले, कारण मला नेमके काय आवडले आहे ते तिने ओळखले होते.

मी नको म्हणाले. मुलाने दोनदा विचारले, मी दोनदा नको म्हणाले, आणि आम्ही निघालो. पुढच्या सगळ्या दुकानांत मी नुसती पाहत राहिले.

कारण सांगायचे तर डहाणूला यावे लागेल. माझी एक विद्यार्थिनी होती. तिच्या आजीचा हात पंचक्रोशीत नावाजलेला, लग्नघरच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायला आजीलाच बोलावणे यायचे, आणि तो हात नातीत जसाच्या तसा उतरला होता. मुंबईतल्या एका प्रदर्शनासाठी मी तिच्याकडे कागदावर चौक मागितला, आत पालघट या वारल्यांच्या देवीसह. ती म्हणाली, “बाई, लगीनच नाय, तर चौक कुनाचा?” मी तिला समजावले, आणि माझा युक्तिवाद आजही मला खोटा वाटत नाही. ही चित्रकला बायकांची. 1970 नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णींनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारखा असामान्य कलावंत त्यातून जगापुढे आला, 2011 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचला, आणि त्यांच्यामागून कितीतरी पुरुषांनी चित्रांवर संसार उभे केले. मग ज्यांच्या हातांतून हे सारे आले त्या बायकांनीच भिंतीपाशी का थांबायचे? तिने चौक काढला. प्रदर्शन उघडले त्याच दिवशी तो विकला गेला. त्या पैशांत घरावर पत्रे आले, आणि त्या पावसाळ्यात तिची आई पहिल्यांदा कोरड्या जमिनीवर झोपली. नंतर तिने माझ्यासाठी तारपा नाच काढला, भातलावणी काढली, वाघदेव काढला. चौक पुन्हा काढला नाही. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी गेले तेव्हा भिंतीपाशी दुसऱ्याच बायका बसल्या होत्या आणि ती मागच्या अंगणात भाकऱ्या थापत होती. मी तिला काही विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही. लग्नघरात कामाची वाटणी कशीही होऊ शकते, हे मी स्वतःला तेव्हा सांगितले आणि अजूनही अधूनमधून सांगते.

त्या बाजारात, “असाच तुम्हांला करून देते,” हे वाक्य मुलाने मराठीत सांगितले तेव्हा मला ते अंगण दिसले. हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे, आणि तो कुणाला पटेल अशी माझी फारशी अपेक्षा नाही.

माझ्या मुलाला तर तो मुळीच पटला नाही. त्या संध्याकाळी तो म्हणाला, “आई, त्या बाईला तुझ्या डहाणूशी काय देणंघेणं? काय विकायचं आणि काय नाही, ही रेघ तिनं स्वतः आखली होती. एक वाडगा पिशवीत ठेवला, दुसरा तुला देऊ केला. तू तिची रेघ पुसून तुझी आखलीस, आणि त्यात तिची एक विक्री बुडाली.” या बोलण्यातला प्रत्येक शब्द मला मान्य करावा लागतो. प्रदर्शनवाली मी असते, तर मीही हेच म्हणाले असते आणि याहून कडक शब्दांत म्हणाले असते. तेव्हाची मी आजच्या मला विचारते, की गरिबाच्या कलेचे पावित्र्य जपण्याची चैन पेन्शन सुरू झाल्यावरच कशी सुचली. त्यावर आजची मी तिला विचारते, की एका मुलीने एका वाक्यात घातलेली मर्यादा तुला ऐकू आली होती की नाही. दोघी एकमेकींना निरुत्तर करतात.

शिवाय त्या बाईला खरोखर रेघ आखता आली होती, आणि माझ्या विद्यार्थिनीला मी ती आखू दिली नाही, असा सरळ भेद करून मोकळे होणेही मला जमत नाही. पिशवीत ठेवलेला वाडगा उद्या कुणी दहापट पैसे देऊन मागितला, आणि घरी कुणी आजारी असले, तर ती काय करील, हे मला ठरवता येणार नाही. कुत्र्याचा वाडगा घेणाऱ्या जोडप्यावर मी मनातून रागावले होते. पण त्यांनी तिच्याकडे देवाचे काहीही मागितले नव्हते, ते मी मागितले होते. मला हवे होते ते अर्पणाचे भांडे, आणि ते नाकारले गेल्यावर विक्रीचे भांडे मला उणे वाटले. यात तिच्या कलेबद्दलचा आदर किती आणि माझा हट्ट किती, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे.

ज्यांना वाटते की मी त्या गावावर नाराज होऊन आले, त्यांना सांगते की तसे नाही. संध्याकाळी तिसऱ्या जगाच्या रस्त्याने सगळे गाव वाळूवर उतरते, मुले वाऱ्यात उलट्या उड्या मारतात, आणि हंगामात कासवांची पिल्ले समुद्रात सोडायला गावकरी आणि पाहुणे एकत्र उभे राहतात. ही त्याच जातीची कासवे, जी आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मला तिथे पुन्हा जायला आवडेल.

माझी भाची येत्या जानेवारीत तिकडे निघाली आहे. तिने काय घेऊ असे विचारले, तेव्हा मी सांगितले की डोंगरातून आलेली माणसे स्वतः मणी बसवत असतील तिथेच घे, सांगतील ती किंमत दे, घासाघीस करू नकोस, आणि हातातले काम मागू नकोस, मांडलेल्यातले माग. निळ्या हरणाचा वाडगा दिसला तर तिने जरूर घ्यावा. माझ्यासाठीही एक आणू का, असे तिने विचारले आहे, आणि मी तिला अजून काही कळवलेले नाही.