पांढऱ्याला गिऱ्हाईक नाही

अजिंठ्याच्या लेण्यांवर लिहिणाऱ्यांची काही कमी नाही, तेव्हा मी आपली पायथ्याच्या दुकानांवर लिहिते. लेणी पाहिली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर जेमतेम उभं राहायला मिळालं, कारण मागून "चला, पुढे चला" सुरूच होतं. सतराव्यात एक काका फोनवर कुणाला तरी जमिनीच्या मोजणीबद्दल मोठमोठ्याने समजावत होते. संपला लेण्यांचा विषय.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं, अशी तिथली पद्धत. त्या बसपर्यंत पोचायच्या आतच दुकानदारांच्या पोरांनी आम्हाला गाठलं. एकाने माझ्या मावशीच्या हातात चमचमणारा एक खडा कोंबला. "मावशी, गिफ्ट आहे, पैसे नको. येताना फक्त दुकानावर या." एकदा गिफ्ट घेतली की तुम्ही त्याचे झालात. दुपारी खाली उतरलो तर पोरगा तिथेच उभा, आणि मावशी मला म्हणते, "अगं, जाऊन येऊ, बिचाऱ्याने दगड दिलाय." असल्या चिवट आग्रहाची मला मनापासून चीड येते. मावशीला तोच पाहुणचार वाटतो.

दुकानात शिरल्याबरोबर आधी दिसले ते रंग. भडक गुलाबी, पोपटी, मोरपंखी, जांभळा. फोडलेल्या काळ्या दगडांच्या वाट्या आणि आत या रंगांचे केसाळ गोळे. हे ओकेनाइट. खनिजांचं थोडंफार वाचते म्हणून मला माहीत होतं की हे निसर्गात पांढरंच असतं, फार तर किंचित पिवळट. मी एक गुलाबी वाटी उजेडात धरली. तंतूंच्या टोकांना रंग फिका, बुडाशी गडद साचलेला, आणि शेजारच्या दगडावरही ओघळून गेलेला. ओलं बोट लावलं तर बोट गुलाबी.

"रंग दिलाय ना याला?" मी विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. पण गल्ल्यावरचे चाचा शांतपणे म्हणाले, "दिलाय की. पांढऱ्याला गिऱ्हाईक नाही, ताई. पांढरा दाखवला की लोक म्हणतात, याला बुरशी आलीये."

यावर काय बोलणार? मी भांडायच्या तयारीत होते आणि त्यांनी भांडणच ठेवलं नाही. मग तेच म्हणाले, "बघायचाय का?" आणि बाकाखालून प्लॅस्टिकचा एक चौकोनी डबा काढला. दगड डब्याच्या तळाला चिकटवून टाकला होता, म्हणजे हलणार नाही आणि वरून कशाचा स्पर्श होणार नाही. झाकण काढताना त्यांनी पंखा बंद करायला लावला.

मुठीएवढी पोकळी होती. बाहेरून आपला नेहमीचा काळा पाषाण, घाटात रस्त्याकडेला दिसतो तो. पोकळीच्या कडेला नखाहून पातळ अशी मातकट हिरवी रेघ, तिच्या आत दुधट गारेचा थर, आणि त्यावर चार-पाच पांढरे गोळे. एक गोळा अर्धा तुटलेला होता, त्यामुळे आतलं दिसत होतं: एका बिंदूपासून चहूकडे सरळ सुटलेले तंतू, इतके बारीक की एकेकटा डोळ्याला सापडत नाही, सगळे मिळून एक धूसर कडा तेवढी दिसते. मावशीचं बोट पुढे गेलं. चाचा ओरडले, "हात नको!" मग त्यांनी डबा तिरका करून दुसरा गोळा दाखवला. त्यावर एक चपटा डाग होता, तंतू कायमचे आडवे झालेले. "गेल्या हिवाळ्यात एका साहेबांनी बोट लावलं. हे परत उभं राहत नाही."

साडेसहा कोटी वर्षांचा हिशेब आणि वर कुणा साहेबाचं बोट. म्हणजे हे गोळे नक्की तेव्हाचेच असं नाही. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या सावकाश भरल्या. पाण्यात काय विरघळलेलं आहे आणि ते किती गरम आहे, यावर कोणतं खनिज जमणार ते ठरतं: कुठे स्टिल्बाइट, कुठे अपोफिलाइट, कुठे स्कोलेसाइटच्या सुया. आपल्याकडे विहीर खणताना, खडीसाठी सुरुंग लावताना या पोकळ्या उघडतात. ज्या कुणी उचलत नाही त्या क्रशरमध्ये जातात. त्यामुळे "निसर्गाची लूट" वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही. खाणीतल्या माणसाने पहार बाजूला ठेवून पोकळी हाताने मोकळी केली, म्हणून तर ती शिल्लक राहिली. माझा राग फक्त त्या गुलाबी रंगावर आहे.

ती हिरवी रेघ मात्र डोक्यातून जाईना. ते सेलाडोनाइट नावाचं हिरवं खनिज, आणि अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगही अशाच हिरव्या मातीचा. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आणलेला. तासाभरापूर्वी मी ते रंग गर्दीत माना उंचावून पाहत होते, आणि इथे दुकानात हिरवा माझ्या नाकासमोर दगडाला चिकटलेला. खाली मोरपंखी डाय लावून बसलेल्यांनी वर जाऊन एकदा ते हिरवं बघावं, असं मी बोलून दाखवलं. चाचा हसले. म्हणाले, ते बघायला येणारेच मोरपंखी मागतात.

पांढरा डबा रंगीतपेक्षा स्वस्त मिळाला, पाचशेला, आणि त्यावर घासाघीस करायची मला लाज वाटली. मावशीने घासाघीस करून जांभळा घेतला. मी तिला पुन्हा सगळं समजावलं. ती म्हणाली, "मला कळलं गं रंग दिलाय. साडीलाही देतातच की."

छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा रस्ता डबा मांडीवर धरून काढला. वेरूळ पाहिलं, शिर्डीला रांगेत उभं राहिलो, दोन्हीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शिर्डीहून नाशिककडे येताना सिन्नरला गारगोटी संग्रहालयात थांबलो. नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी जमवलेला हा खनिजांचा संग्रह. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत असं काही असेल असं बाहेरून वाटत नाही. मधे चिमटलेले, दोन्ही टोकांना फाकलेले पीच रंगाचे स्टिल्बाइट, आणि चौकोनी, वर निमुळते हिरवे अपोफिलाइट, ज्यांच्या टोकावर उजेड पडला की मोत्याची झाक येते. पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती कॅव्हनसाइटसमोर. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळे ठिपके, असे निळे की आधी मला पुन्हा डायचीच शंका आली. हा निळा अस्सल, आत व्हॅनेडियम हा धातू असल्याने. 1967 मध्ये अमेरिकेत ऑरेगनला हे खनिज पहिल्यांदा सापडलं, पण जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात जे आहे ते बहुतेक पुण्याच्या वाघोलीच्या दगडखाणींतलं, 1988 नंतरचं. वाघोलीला माझी आतेबहीण राहते. तिच्या तोंडून मी आजवर फक्त टँकर आणि ट्रॅफिक ऐकलं आहे. भोर घाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा निघालेले नमुने तर इंग्रजांनी विलायतेतल्या संग्रहालयांत नेऊन ठेवले. आपण त्याच घाटात गाडी थांबवून वडापाव खातो.

मावशी एव्हाना सगळी कपाटं फिरून आली होती. तिला जांभळा ओकेनाइट हवा होता, शोकेसमधला, नाव लिहिलेला. मी तिला जांभळा ॲमेथिस्ट दाखवला, पण तिने हात झटकला. शेवटी तिथल्या एका मुलाला तिने विचारलंच. तो म्हणाला, "आजी, तो पांढराच असतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला आधी पढवून ठेवलं होतं.