फाइल सर्व्हरसाठी मी झेडएफएस का निवडली

घरातल्या फाइल सर्व्हरवर मी अनेक वर्षे ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) वापरत होते आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. वीज गेली तरी जर्नलच्या (बदलांच्या आगाऊ नोंदवहीच्या) आधाराने ती लगेच सावरत असे, आणि विश्वासार्हता म्हणजे एवढेच, असे मी धरून चालले होते. मग एके दिवशी आजोबांच्या कागदपत्रांचा एक स्कॅन उघडला, तर पानाचा खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांनी भरलेला. डिस्कने कसलीही चूक नोंदवली नव्हती आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाऊन बसली होती.

जर्नल सांभाळतो तो प्रामुख्याने फाइल सिस्टीमची रचना. फाइलमधला मजकूर पुढे शाबूत राहिला की नाही, हे तो पाहत नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टीमींत मेटाडेटासाठी (फाइलींविषयीच्या नोंदींसाठी) चेकसमची, म्हणजे मजकूर बदलला तर ते ओळखू देणाऱ्या आकड्याची, सोय आहे, पण प्रत्यक्ष डेटासाठी नाही.

सन मायक्रोसिस्टीम्समध्ये घडलेली आणि २००५ साली ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममधून खुली झालेली झेडएफएस इथेच वेगळी ठरते. ती प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम त्या ब्लॉकशेजारी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे डिस्कने भलत्याच जागी लिहिले किंवा न लिहिताच ‘लिहिले’ असे कळवले, तरी वाचताना ते उघडकीस येते. दोन डिस्कांचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) असेल, तर चांगल्या प्रतीवरून बिघडलेली प्रत ती स्वतःच दुरुस्त करते.

बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टीमचाही विचार केला होता. तीही डेटाचे चेकसम ठेवते आणि २००९ पासून लिनक्स कर्नलमध्येच (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच) आहे. तिच्या रेड ५ व ६ (अनेक डिस्कांवर डेटा पसरवून ठेवण्याच्या पद्धती) बद्दल तिचेच दस्तऐवज सावध करतात; अर्थात मला दोनच डिस्क लावायच्या असल्याने तो आक्षेप मला लागू नव्हता, हे मान्य करायला हवे. मला झेडएफएसची साधने अधिक सरळ वाटली, इतकेच. त्याची किंमतही मोजावी लागते: परवान्याच्या अडचणीमुळे ती कर्नलबाहेर राहते आणि डेबियन या लिनक्सवर कर्नल बदलला की तिचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) नव्याने बांधावे लागते.

डेबियनमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब आपोआप चालतो, म्हणजे साठवलेला सगळा डेटा वाचून पडताळला जातो. गेल्या खेपेला एका डिस्कपुढे चेकसमच्या चुकांच्या रकान्यात ३ हा आकडा दिसला. केबल बदलून आकडा पुसला; तो अजून शून्यावरच आहे.