आमची वाटचाल: फायबरच्या होड्या तोडताना

लाकडी होडी कुजते, लोखंडी होडी भंगारात विकली जाते. फायबरची मात्र पडून राहते. ती काचेचे धागे पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, बसवून बनते, आणि हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. भंगारवाला इंजिन, पितळी व्हॉल्व्ह आणि शिसं काढून नेतो, उरलेला सांगाडा आमच्या वाट्याला येतो.

आम्ही दोघांनी सुरुवात केली. साध्या स्टीलच्या पात्याचे दात पाहता पाहता बोथट व्हायचे; शेवटी ती काच आहे. डायमंडचं पातं घेतलं, त्यावर पाण्याची धार सोडली, तेव्हा काम सरकू लागलं. कोरडं कापू नका, आणि मास्क न लावता तर मुळीच नाही. तळाचा जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री अंथरा. तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचं विष, ट्रायब्युटिलटिन; त्याच्या रंगांवर २००८ पासून जगभर बंदी आहे, पण जुन्या थरांखाली ते अजून सापडू शकतात.

मग होड्या तोडणारा दुसरा एक आला. निम्मा दर, दोन दिवसांत होडी गायब! अर्धे गिऱ्हाईक तिकडे गेले. तो खाडीच्या आडोशाला होड्या जाळत होता. रेझिन जळतं, काच उरते. ओहोटीला चिखलात पांढरं जाळं दिसायचं. सगळ्यांनी पाहिलं, कोणी बोललं नाही. त्याच हंगामात कचरा डेपोने आमचे तुकडे नाकारले. आवारात कापलेल्या सांगाड्यांचा डोंगर, डोक्यावर कर्ज. भागीदार निघून गेला. त्याला दोष देत नाही, पण ग्राइंडरही घेऊन गेला हे विसरलो नाही.

एक म्हातारे मिस्त्री तेवढे आमच्याकडेच येत राहिले. आयुष्यभर त्यांनी रोलर फिरवून मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरीचे, थर चढवले होते. कुठे जाड आहे, कुठे आत प्लायवूड भिजलंय, हे ते बोटाने ठोकून सांगायचे. पैसे आगाऊ द्यायचे, तेही न मागता.

सिमेंटच्या भट्टीने वाचवलं. तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळण्याआधीच्या सिमेंटच्या गोळ्यांत, जाते. अट एकच: तुकडे बारीक हवेत, त्यात धातू नको. श्रेडर घेतला. पुढे काम रुळलं.

गेल्या हंगामात मिस्त्रींनी स्वतः बांधलेली होडी आणली. पहिला काप त्यांनीच घेतला. कडेचे थर नखाने मोजले, नऊ भरले. "दहा घातले होते," म्हणाले, आणि पुन्हा मोजायला बसले.