तुम्ही विचारलंत म्हणून: अलंकार ओळखायचा कसा?

दहावीच्या मुलांना मराठी शिकवते म्हटलं की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "अलंकार ओळखायची काही सोपी खूण सांगा ना. मुलगी सगळं पाठ करते आणि पेपरात उपमा-उत्प्रेक्षेत गोंधळते." कुणीतरी एक खूण त्यांना आधीच दिलेली असते: सारखा, जसा, सम, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा.

ही खूण निम्म्या वेळा चालते आणि म्हणूनच ती घातक आहे. दुकानात आपण म्हणतो, "या किनारीसारखी दुसरी साडी दाखवा." शब्द आहे, अलंकार नाही. संस्कृतातल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. 'गवय (एक रानटी जनावर) गाईसारखा असतो' या वाक्यात साम्य आहे, पण मनाला सुखावणारी चमत्कृती नाही, म्हणून ती उपमा नव्हे. नुसती माहिती आहे.

मग बघायचं काय? ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी त्याची तुलना केली ते उपमान. वाक्य संपेपर्यंत उपमेयाचं काय होतं, त्यावर नजर ठेवायची.

पत्र्यावरचा पाऊस घेऊ. 'पाऊस ताशासारखा वाजतोय' म्हटलं की पाऊस आणि ताशा दोघंही आपापल्या जागी शाबूत. ही उपमा. 'हा पाऊस जणू ताशाच' म्हटलं की बोलणाऱ्याचं मन कल्पनेने ताशाकडे ओढलं गेलं, तरी पाऊस अजून दिसतोय. ही उत्प्रेक्षा. 'पावसाचा ताशा' यात दोघं एक झाले, म्हणून रूपक. 'हा पाऊस नव्हे, ताशाच' म्हणताना उपमेय चक्क नाकारलं, ती अपन्हुती. आणि 'सकाळपासून डोक्यावर ताशा चाललाय' या वाक्यात पाऊस कुठे आहे? कुठेच नाही. ताशाने त्याला गिळलं. ही अतिशयोक्ती. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकवतात. पण अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त तिचा पहिला प्रकार सांगितलाय तो हाच, उपमानाने उपमेय गिळून टाकण्याचा. राहिला व्यतिरेक. त्यात उपमेय उपमानावर मात करतं. माझा मराठी बोल अमृताशीही पैज जिंकेल, असं ज्ञानदेव म्हणतात तेव्हा अमृत ही नुसती तुलनेची वस्तू उरत नाही, ती हरते.

एवढी पायरी कळली की पाठांतराची गरज बरीच कमी होते. पण मला खरं बोलायचंय ते यापुढचं आहे, कारण "पेपर झाल्यावर याचा उपयोग काय?" हा प्रश्नही तुम्हीच विचारता.

बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या या बाईने जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी तिच्या निधनानंतर, १९५२ मध्ये छापली गेली. संसारावरच्या त्यांच्या गाण्यातल्या 'जसा तवा चुल्ह्यावर' या ओळीला मुलं लगेच 'उपमा' लिहितात आणि ते बरोबरच आहे. पण त्याच गाण्यात पुढे बघा:

'अरे संसार संसार, खोटा कधी म्हनू नही
राउळाच्या कयसाले, लोटा कधी म्हनू नही'

इथे जसा नाही, जणू नाही. दोन स्वतंत्र वाक्यं शेजारी ठेवलीत आणि एक दुसऱ्याला पटवून देतंय. हा दृष्टांत. आणखी पुढे त्या म्हणतात, येड्या, गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नकोस. ही ओळ मला या गाण्यातली सर्वांत मोठी वाटते. कुणीतरी संसाराला लोढणं म्हटलंय. लोढणं म्हणजे पळून जाणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवलेलं लाकूड. एकदा ते म्हटलं की पुढचा विचारही ठरून गेला, लोढणं काढून फेकायचंच असतं. बहिणाबाई त्या माणसाशी संसाराच्या फायद्यातोट्यावर वाद घालत नाहीत. त्याचं रूपक काढून घेतात आणि तिथे आपलं ठेवतात. गळ्यात वजन आहे हे दोघांनाही मान्य, पण हाराचं वजन माणूस मिरवतो.

अलंकार शिकायचा तो यासाठी. तो बोलण्यावर नंतर चढवलेला दागिना नाही, बोलण्याची दिशाच तो ठरवतो.

रोजच्या बातम्या घ्या. 'मुंबईवर लोंढे आदळतायत' हे वाक्य तुम्ही किती वेळा वाचलंय! उपमेय शोधा. बिहारमधून आलेला गवंडी, मराठवाड्यातून दुष्काळात आलेलं कुटुंब, यातलं कुणीही त्या वाक्यात नाही. पाण्याने माणसं गिळली. आणि पाणी अंगावर येऊ लागलं की आपण एकच गोष्ट करतो, बांध घालतो. त्या कुटुंबाच्या गावात विहिरी का आटल्या, हा प्रश्न त्या वाक्यात उभाच राहू शकत नाही. 'लोकसंख्येचा स्फोट' तसाच. 'बळीराजा' तर प्रेमाने वापरतात, मीही वापरत आले, पण राजा म्हटल्यावर त्याच्या कांद्याचा भाव दुसरं कुणी ठरवतं हे झाकलं जातं. असे शब्द वापरू नयेत असं मी म्हणत नाही. कोण गिळलं गेलं, हे वाचताना दिसावं एवढंच.

गिळण्याचं काम दर वेळी वाईट हेतूनेच होतं असंही नाही. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे नर्मदेच्या वाटेवर असताना सावकारी पेढीचं एक पत्र त्यांच्या हाती आलं, असं ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांच्या आपल्या इतिहासात लिहिलंय. मजकूर असा, की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. चांदी-तांबं म्हणजे नाव न उरलेले हजारो लोक. एकाही माणसाचा उल्लेख नाही, तरी पेशव्यांना सगळं कळलं. व्यापाऱ्याची ही भाषा वाटेत पत्र पकडलं गेलं तर निभावून नेणारी होती. पण त्या हिशेबात शिपाई चिल्लर ठरलाय, हेही मुलांनी बघावं असं मला वाटतं. वर्गात एखादं मूल ते आपणहून पकडतं तेव्हा मी धडा तिथेच थांबवते आणि त्यावर बोलू देते.

मम्मटाने काव्याच्या व्याख्येतच म्हणून ठेवलंय की क्वचित अलंकार नसला तरी चालतं. तेव्हा प्रत्येक ओळीत अलंकार शोधायला मुलांना लावू नका. साधी ओळ साधीच असू द्या.

आणि पेपराचं म्हणाल तर मुलीला एवढं सांगा. उत्तर लिहिताना अलंकाराचं नाव शेवटी लिही. आधी उपमेय लिही, मग उपमान, मग दोघांत काय झालं ते एका वाक्यात. उपमेय सापडलं नाही तर 'ते सांगितलेलं नाही' असंच लिही, घाबरू नकोस. नाव बहुतेक वेळा त्या एका वाक्यातूनच येतं.