तेरावा अपवाद

बाई आल्या तेव्हा बायबल उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं होतं आणि बाकीचे कागद बुटांच्या खोक्यात. खोक्याचं झाकण उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला. असा वास आला की दिवस चांगला जाणार, हे आता मला अनुभवानं कळतं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दफ्तरखान्यात मी अकरा वर्षं काम करते आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव-आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढून पिढ्या वाचून दाखवतात. इथे तशी सोय नाही, म्हणून लोक आमच्याकडे येतात. माझे आजोबा साताऱ्यात लोकांना मोडी कागद वाचून द्यायचे. नात सातासमुद्रापार जाऊन तेच करते, फक्त लिपी वेगळी, असं आई म्हणते.

बाई ऐंशीच्या पुढच्या. दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मग तिला नातवंडं का असेनात. मी त्यांना तशीच हाक मारत होते आणि त्या मला 'हनी' म्हणत होत्या. त्यांचे पणजोबा ह्याच गावात वकील होते आणि नातवासाठी त्यांचं चरित्र लिहायचं होतं. तीन गोष्टी बाईंना लहानपणापासून पाठ. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन ह्याच्या फौजेनं कोर्ट जाळलं, म्हणून कागद शिल्लक नाहीत. पणजोबा युद्ध हरल्यावरही यांकींपुढे, म्हणजे उत्तरेकडच्यांपुढे, झुकले नाहीत. आणि त्यांच्या घरात गुलाम असे नव्हतेच, 'घरची माणसं' होती.

पहिली गोष्ट पाच मिनिटांत निकालात निघाली. १८६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शर्मन अटलांटाहून सवाना शहराकडे गेला तेव्हा आमच्या गावाच्या आसपासही फिरकला नव्हता. दक्षिणेत सापडत नसलेला प्रत्येक कागद शर्मननं जाळलेला असतो. वाळवी, गळकं छप्पर आणि विसराळू कारकून ह्यांच्या पापांचा हिशेब कोणी मांडत नाही. कोर्टाच्या कामकाजाची जाडजूड वही मी तळघरातून वर आणली. १८३७ च्या वसंतातल्या पानावर पणजोबांना वकिलीची परवानगी मिळाल्याची नोंद होती. तेव्हा ह्या भागात बहुतेक जण कायद्याच्या शाळेत जात नसत. एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत बसायचं, त्याचे दावे उतरवून काढायचे, ब्लॅकस्टोनचा कायद्याचा ग्रंथ घोकायचा आणि मग भर कोर्टात न्यायाधीशासमोर तोंडी परीक्षा द्यायची.

मग बायबल. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहायला कोरी पानं असतात. तिथे मी आधी तारखा वाचत नाही, शाई बघते. पहिल्या नऊ नोंदी एका हातच्या, एकाच तपकिरी पडलेल्या शाईतल्या, एका बैठकीत उतरवलेल्या. बायबल छापल्याचं साल १८४६. म्हणजे त्याआधीचं सगळं आठवणीतून लिहिलेलं, किंवा सोयीनं. लग्नाचं साल १८४१ होतं, पण काउंटीच्या विवाहनोंदीत १८४२ चा फेब्रुवारी निघाला आणि थोरला मुलगा त्याच वर्षीच्या जूनमधला. बाईंनी बोटांवर महिने मोजले आणि खो खो हसत सुटल्या. "हे मी चरित्रात घालणार," म्हणाल्या.

तोवर जेवायची वेळ झाली होती. जेवणानंतर मी मायक्रोफिल्म लावली.

युद्ध संपल्यावर २९ मे १८६५ रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन ह्यांनी माफीचा जाहीरनामा काढला. शपथ घ्यायची आणि मोकळं व्हायचं. मात्र त्यात चौदा अपवाद होते. त्या चौदा वर्गांतल्या माणसांनी राष्ट्राध्यक्षांकडे स्वतंत्र अर्ज करायचा. तेरावा अपवाद होता बंडात आपखुशीनं भाग घेतलेल्या आणि वीस हजार डॉलरहून जास्त करपात्र मालमत्ता असलेल्यांचा. हे अर्ज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं राज्यवार लावून ठेवले आहेत. जॉर्जियाच्या फिल्मवर पणजोबा सापडले.

अर्ज ऑगस्ट १८६५ चा, स्वतःच्या हातचा, चार पानं, एकही खाडाखोड नाही. मी शेकडो अर्ज वाचले आहेत आणि बहुतेक रडगाणी असतात. हा माणूस मात्र स्वतःचा खटला लढवत होता, आणि काय लढवत होता! जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटायचं की नाही हे ठरवणाऱ्या परिषदेसाठी निवडणूक झाली, तेव्हा आपण फुटण्याच्या विरोधातल्या उमेदवारांना मत दिलं. परिषदेनं २०८ विरुद्ध ८९ मतांनी फुटण्याचा ठराव केला, मग आपण राज्याबरोबर गेलो. पद घेतलं नाही. मुलगा सैन्यात गेला, पण तो सज्ञान होता. आणि शेवटी खास वकिली मुद्दा. मालमत्तेतला मोठा भाग आता मालमत्ताच उरलेला नसल्यामुळे आपण तेराव्या अपवादात बसतो की नाही ह्याचीच शंका आहे, तरी सावधगिरी म्हणून अर्ज करत आहोत. मागे राज्याचे हंगामी गव्हर्नर जेम्स जॉन्सन ह्यांची शिफारस.

(त्याच उन्हाळ्यात मुंबईत कापसावर उभारलेला शेअरबाजार कोसळून प्रेमचंद रायचंदसारखे मातब्बरही बुडाले. दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि भाव उतरले. ह्या अर्जांवर १८६५ हे साल दिसलं की मला दर वेळी ते आठवतं.)

"झुकले नाहीत," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "ह्या माणसाचं नाव घेऊन माझे वडील आम्हाला जेवणाच्या टेबलाशी ताठ बसायला लावायचे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अक्षर मात्र सुंदर आहे."

माफीवाचून जप्तीची टांगती तलवार होती, हे मी सांगितलं. वकिलांच्या मागे आणखी एक लचांड होतं. बंडाला साथ दिली नाही अशी शपथ घेतल्याशिवाय संघराज्याच्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं. आर्कन्सॉच्या ऑगस्टस गारलँड नावाच्या वकिलानं ते सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि १८६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. बाईंचं लक्ष नव्हतं.

"एक घोडा आणि पुस्तकांचं कपाट असलेला गावातला वकील. वीस हजार कुठून आले?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी देत नाही, कागद काढते. १८६० च्या जनगणनेत स्थावर आणि जंगम असे दोन रकाने आहेत. पणजोबांचं जंगम स्थावराच्या तिपटीहून जास्त होतं. त्याच वर्षीची गुलामांची वेगळी यादी उघडली. वर मालकाचं नाव. खाली एकोणीस ओळी. वय, लिंग, रंग. नाव नाही. बाई बोट न टेकवता एकेक ओळ खाली येत गेल्या. शेवटची ओळ चार महिन्यांच्या मुलीची होती.

"नावं कुठे असतात?"

नावं मृत्यूच्या कागदांत असतात, मालकाच्या मृत्यूच्या. पणजोबांचे सासरे १८५६ मध्ये वारले आणि त्यांच्या मालमत्तेचं मूल्यांकन वारसाहक्काच्या दप्तरात होतं. घड्याळ, माग, खेचरं, आणि मग माणसं, नावानिशी, वयासकट, किमतीसकट. वाटणीत मुलीकडे सात जण गेले. मुलीकडे म्हणजे जावयाकडे, कारण बायकोच्या स्वतंत्र मालकीचा कायदा जॉर्जियात १८६६ मध्ये आला. वयात चार वर्षं मिळवून मी सात जणांना एकोणीस ओळींशी ताडून बघितलं. चार बसले, एक कदाचित, दोघांचा पत्ता लागला नाही. ती नावं इथे लिहीत नाही, गाव लहान आहे.

एका नावापाशी बाई थांबल्या. त्यांच्या आजोबांना जिनं अंगाखांद्यावर वाढवलं, तिचं तेच नाव होतं. आजोबा म्हातारपणी तिची अंगाई गुणगुणायचे. आडनाव घरात कोणालाच माहीत नव्हतं.

गुलामीतून सुटलेली माणसं जनगणनेत नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० मध्ये. पणजोबांच्या घरानंतर दोनच नोंदी सोडून त्या नावाची बाई होती, वय जुळत होतं, तीन मुलं. आडनाव वकिलांचं नव्हतं. मी ते वाचून दाखवलं आणि बाईंनी चष्मा काढला. ते आडनाव ह्या गावात सगळ्यांना ओळखीचं आहे.

"तीच असेल असं मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "शक्यता आहे, पुरावा नाही." नोंदीच्या कागदावर त्या नावापुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

पाच वाजायला आले होते. बाईंनी बायबल पुन्हा अभ्र्यात गुंडाळलं आणि पर्स उघडली. आमच्याकडे एका पानाला पंचवीस सेंट पडतात.

"अर्जाची एक प्रत दे, हनी. मूल्यांकनाच्या आणि सत्तर सालच्या पानाच्या दोन-दोन. तुझ्या त्या प्रश्नचिन्हाच्या कागदाच्यासुद्धा दोन."

दुसरी प्रत कोणासाठी, हे मी विचारलं नाही. नाणी मोजून त्यांनी टेबलावर ठेवली, एक पाव डॉलर जास्त झाला होता, तो मी परत केला.