चार उत्तरं

तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात संवादकौशल्याचा तास आला की वर्ग गप्प होतो. "आता आम्हाला गोड बोलायला शिकवणार!" हे कुणी बोलून दाखवत नाही, पण चेहऱ्यांवर दिसतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यांनी अंगावर धावून आलेला माणूस झेललाय, गळफास घेतलेल्याला वेळेत खाली उतरवलंय, त्यांना पुस्तकी युक्त्या नको असतात. म्हणून मी वर्गातल्याच कुणाचा तरी ताजा प्रसंग घेतो आणि तो शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत नेतो.

त्या दिवशी प्रसंग सांगितला मनगटाला पट्टी बांधून आलेल्या एका अधिकाऱ्याने. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संध्याकाळची गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, झाल्यावर त्याने एका कैद्याला कोठडीत जायला सांगितलं. कैदी दारातच उभा राहिला. दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा दंड धरला, कैद्याने हिसडा दिला आणि मग तिघांनी मिळून त्याला आवरलं. कैद्याच्या भुवईला टाके पडले, याचं मनगट मुरगळलं. अहवालात नोंद अशी, की कैद्याने काहीही कारण नसताना आदेश मानला नाही आणि झटापट केली.

"बळाचा वापर नियमात बसतो का?" मी विचारलं. सगळे म्हणाले, बसतो. बसतच होता. कैद्यांना कसं वागवावं याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ८२वा नियम स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न किंवा कायदेशीर आदेशाला होणारा शारीरिक प्रतिकार अशा वेळीच बळ वापरू देतो, तेही गरजेपुरतंच, आणि लगेच वरिष्ठांना कळवायला सांगतो. इथे कळवलं गेलं होतं.

"मग यात शिकायचं काय उरलं?" मागून आवाज आला.

मी फळ्याच्या अगदी तळाशी झटापटीची वेळ लिहिली, ६:१०. वरचा सगळा फळा कोरा होता. "याच्या आधी तो कुणाशी बोलला?"

त्याच तुरुंगातले, त्याच दिवशी वेगवेगळ्या पाळीत असलेले आणखी तिघे वर्गात होते. आधी कुणी बोलेना. मग पावणेपाचच्या सुमाराला तिथून गेलेला शिपाई म्हणाला, "मला विचारलं होतं त्याने, माझी मुलाखत आहे का, म्हणजे घरचं कुणी भेटायला आलंय का. मी म्हटलं, वेळ संपली, आता पुढच्या वेळी." दुसरा म्हणाला, "मलाही विचारलं होतं, दुपारी. मी म्हटलं, यादीत नाव आहे वाटतं." तिसऱ्याने त्याला साडेअकराला सांगितलं होतं, "असेल तर बोलावतील की." आणि सकाळी साडेआठला खुद्द पट्टीवाल्या अधिकाऱ्यालाच तो भेटला होता. त्याचं उत्तर होतं, "यादी आली की सांगतो." यादी आली तेव्हा या अधिकाऱ्याला दुसऱ्या विभागात पाठवलं होतं, सांगायचं राहून गेलं. दिवस लांबला आणि संध्याकाळच्या गिनतीला तो पुन्हा त्याच दारात येऊन उभा राहिला. तिथे कैद्याने विचारलं, "माझं कुणी आलं होतं का?" उत्तर मिळालं, "आधी आत हो, मग बघू."

चार माणसं, चार उत्तरं आणि शेवटी एक हुकूम. कैद्याच्या आईची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिची खबर भाऊ आणणार होता, हे तिघांना ठाऊकच नव्हतं. चौथ्याला ठाऊक होतं, आणि "नाव आहे वाटतं" हे त्यानेच म्हटलं होतं.

"साहेब, मी त्याला धीर द्यायला म्हटलं," तो म्हणाला. माणूस भला होता, आवाजावरून कळत होतं. पण सगळ्यात जास्त नुकसान त्याच उत्तराने केलं होतं. "असेल तर बोलावतील" ऐकून माणूस चिडतो, पण त्यावर दिवस काढतो. "नाव आहे" म्हटल्यावर तो दर दहा मिनिटांनी दाराकडे बघायला लागतो. ज्याच्या हातात स्वतःहून काही शोधण्याचं एकही साधन नाही, त्याला आपण सहज बोललेलं वाक्य लेखी आश्वासनासारखं वाटतं.

पट्टीवाला अधिकारी त्याच्यावर उसळला, "म्हणजे माझं मनगट तुझ्यामुळे गेलं!" मी मध्ये पडलो. कुणामुळे हे ठरवायला आम्ही बसलो नव्हतो. माझा प्रश्न असा होता की पाळी बदलताना आपण एकमेकांना काय सांगतो? वर्गाने सांगितलं: गिनती, किल्ल्या, आजारी कोण, कुणावर लक्ष ठेवायचं. कुणाला कसलं उत्तर द्यायचं बाकी आहे, हे चार्ज देताना कुणीच सांगत नव्हतं. मंडेला नियमांपैकी ५७वा नियम म्हणतो की प्रत्येक विनंती आणि तक्रार त्वरित हाताळावी आणि तिला विनाविलंब उत्तर द्यावं. मी हा नियम मोठ्याने वाचला तेव्हा पहिल्यांदा काहींनी वही उघडली.

एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने हरकत घेतली. "कैदी मुद्दाम चौघांना विचारतात. 'त्या साहेबांनी तर हो म्हटलं' म्हणतात आणि आपल्यात लावून देतात." अगदी खरं आहे. अधिकाऱ्याला कह्यात घेण्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो. आधी एखादी बारीकशी सवलत, मग 'मी कुणाला सांगणार नाही' असा भरवसा, मग एखादी चिठ्ठी बाहेर नेण्याची विनंती, आणि तोवर नाही म्हणण्याची सोय संपलेली असते. म्हणूनच सगळ्यांचं उत्तर एक हवं. जिथे पाच जण एकच उत्तर देतात, तिथे फट सापडत नाही. सचोटी आणि सौजन्य हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणं मला कधीच पटलेलं नाही.

कैद्यांकडे दुर्लक्ष झालं तर गोष्ट कुठवर जाते, याचं एक उदाहरण मी वर्गाला दिलं. १ एप्रिल १९९० रोजी इंग्लंडमधल्या स्ट्रेंजवेज तुरुंगात दंगल उसळली आणि २५ दिवस चालली. तिच्या चौकशीनंतर १९९१ साली लॉर्ड वुल्फ यांनी अहवाल दिला. सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय या तिघांचा तोल हवा, असं त्यात ठामपणे मांडलं आहे. आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही ही भावना कैद्यांमध्ये साचत गेली, तर भिंतींची उंची कामाला येत नाही.

दुपारी सराव केला. उत्तर देताना मला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि मी कधी परत येईन, एवढं सांगायचं. आणि खबर नसली तरी ठरल्या वेळी परत यायचं, 'अजून कळलं नाही' एवढंच सांगायला का होईना. हे सर्वांत अवघड गेलं, कारण रिकाम्या हाताने परत जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मग दारातला प्रसंग पुन्हा उभा केला: बोलणारा एकच, बाकीच्यांनी गप्प राहायचं, वाट अडवून उभं राहायचं नाही, हात दिसतील असे ठेवायचे, आवाज समोरच्यापेक्षा खाली. पहिल्या फेरीत तिघेही एकदम तीन वेगवेगळे हुकूम देत होते. कैदी झालेला शिपाई नंतर म्हणाला, "मला कळेचना, मी कुणाचं ऐकू."

मनुष्यबळाचा मुद्दा निघालाच. क्षमतेपेक्षा जास्त कैदी आणि पाळीत मोजकी माणसं असताना प्रत्येकाकडे परत जाणार कसं? ही तक्रार रास्त आहे. कोणतंही प्रशिक्षण अपुऱ्या भरतीची जागा घेऊ शकत नाही, हे मी वर्गातही म्हणतो आणि वरिष्ठांनाही लिहून देतो.

मधल्या सुट्टीत पट्टीवाल्या अधिकाऱ्याने फाटकावर फोन लावून नोंदवही बघायला सांगितली. भाऊ आला होता. ओळखपत्र अपुरं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. फाटकावर ते लिहिलेलं होतं, आत कुणाला कळवलेलं नव्हतं.

कैद्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती आणि मुलाखती काही काळ बंद करण्याची शिफारस झाली होती. मंडेला नियम घरच्यांशी संपर्क तोडणं ही शिक्षा म्हणून मान्यच करत नाहीत. पट्टीवाल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, अहवाल बदलता येईल का. मी म्हटलं, दिलेल्या अहवालाला हात लावायचा नाही, पुरवणी जबाब मात्र देता येतो. त्याने तिथेच बसून तो लिहिला: सकाळपासूनच्या वेळा, कुणी काय उत्तर दिलं, फाटकावरची नोंद. "नाव आहे वाटतं" म्हणणाऱ्या शिपायाने न सांगता स्वतःचा वेगळा जबाब जोडला. दोन्ही कागद संध्याकाळच्या आत अधीक्षकांकडे गेले.